मुक्या जुव्यावरचं गाऱ्हाणं

ऐका. ती लाकडं जरा आत सरकवा, धूर डोळ्यांत येतोय. आणि वेदू, तू पाण्याकडे पाठ करून बसू नको. इकडे सरक. का ते आत्ता विचारू नको, गोष्ट संपली की तूच समजशील.

तर ऐका. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. समोर ते दिवे दिसतात ना, तेही नव्हते. सूर्य बुडाला की खाडी आणि आभाळ एकच. त्या काळी खालच्या वाडीत राघो नावाचा माणूस राहायचा. तिशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. घरी बायको तुळसा आणि पाच वर्षांची मुलगी, ठकी. स्वतःची होडी नव्हती त्याची. होडी होती अनाजीची.

अनाजी कोण? राघोचा सोबती. वयाने पाचसहा वर्षांनी मोठा, म्हणून राघो त्याला दादा म्हणायचा. लहानपणी राघोला पोहायला त्यानेच शिकवलं. कसं? हनुवटीखाली हात धरून. "मार पाय, मी धरलंय," म्हणायचा. आणि धरायचा बरं का, खरंच धरायचा. तो हात लक्षात ठेवा.

आणि बडबड्या केवढा! वाडी म्हणायची, अनाजीच्या बोलण्याला कंटाळून मासे आपण होऊन जाळ्यात येतात. हसताय? हसा, आत्ताच हसून घ्या.

एकदा काय झालं, मार्गशीर्षातली अमावस्या आली. अनाजी राघोच्या अंगणात येऊन उभा. म्हणाला, "राघो, मुक्या जुव्यावर येतोस? रात्री तिथंच राहू. पहाटे मोठी ओहोटी आहे, सगळे खडक उघडे पडतील. तळहाताएवढी कालवं आहेत तिथं. गेल्या साली मी पाहिलीत."

जुवं म्हणजे खाडीतलं बेट, हे तुम्हाला सांगायला नको. पण मुकं का? तर तिथे हाक मारली की परत येत नाही. बाकी खाडीत कुठेही उभे राहा, कड्याकडे तोंड करून ओरडा, कडा उलट ओरडतो. मुक्या जुव्यावर नाही. गेली ती गेली. कुठे जाते? थांबा, येतोय तिथे.

राघो म्हणाला, "दादा, तिथं कुणी जात नाही."

"म्हणून तर कालवं आहेत! सगळे गेले असते तर शिंपा उरल्या असत्या."

"पण ते... लोक म्हणतात ते..."

"अरे, मी आहे ना बरोबर."

मी आहे ना. बघा, किती साधे शब्द. चुलीजवळून तुळसा म्हणाली, "अमावस्या आहे हो." राघो म्हणाला, "अनाजीदादा आहे." त्यावर तुळसा काय म्हणाली? "मग जा." असा विश्वास होता! आख्ख्या वाडीचा होता.

अंधार पडल्यावर निघाले. भरती लागली होती, पाणी आत ओढत होतं, वल्हं नुसतं धरलं तरी होडी पळत होती. होडीत काय? भाताचं मडकं, तांदूळ, सुक्या बांगड्याची पुरचुंडी, दोन कोयते, एक घोंगडी. किती घोंगड्या? एक! माणसं दोन, थंडी मार्गशीर्षातली, आणि घोंगडी एक. राघोने पाहिलं. मनात म्हणाला, दादा विसरला असेल.

आणखी एक. अनाजी बोलत नव्हता. सबंध वाटेत एक शब्द नाही. राघोने विचारलं, "दादा, बरं नाही का?"

"पोट बिघडलंय," अनाजी म्हणाला. बस्स.

जुव्यावर पोचले. चहूबाजूंनी तिवरांची झाडी, मधे चिखलाची जरा सपाट जागा, आणि तिच्या टोकाला कातळाचा उंचवटा, म्हशीच्या पाठीसारखा. उधाणाची भरती आली की चिखल बुडतो, पण कातळ कोरडा राहतो. म्हणून त्या कातळावरच तळ टाकायचा. होडी बांधली. आता ऐका हं. आपली रीत काय? रात्री उतरलो की वल्ही होडीत ठेवायची नाहीत, वर आणायची. मघाशी यशूने आणली ना, ती बघा, तिथे वाळूत उभी आहेत. अनाजीने आणली नाहीत. राघोने तेही पाहिलं. दिसत सगळं होतं त्याला. पण आपल्या माणसाबद्दल डोळ्यांना दिसलेलं मनाला कुठे खरं वाटतं?

ओली लाकडं, पेटता पेटेनात. राघो गुडघ्यांवर बसून फुंकर घालतोय, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. कसाबसा भात झाला. भात उतरला की पहिला घास जागेच्या धन्याला द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, आपलं मागणं त्याच्यापुढे मांडायचं. मोठ्याने घालायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवळात असो, शेतात असो, होडी पाण्यात लोटताना असो. आपण सगळे आईच्या मांडीवर असल्यापासून म्हणतोय. काय म्हणतोय ते कळायच्या आधीपासून म्हणतोय.

गाऱ्हाणं घालायचा मान वयाने मोठ्याचा, म्हणजे अनाजीचा. घास घेऊन तो पाण्याच्या कडेला गेला, राघोकडे पाठ केली आणि पुटपुटू लागला. राघो फुंकर घालतोय, निखारा विझू देत नाहीये. अनाजी थांबला की राघो म्हणतो, "व्हय म्हाराजा." पुन्हा पुटपुट, पुन्हा "व्हय म्हाराजा." चार वेळा. शब्द काय होते? राघोला ठाऊक नाही! त्याचं लक्ष निखाऱ्यावर. आपलं कुठे असतं?

राघो जेवला. अनाजीने घास घेतला नाही, पोट बिघडलेलं. म्हणाला, "तू पड. मी होडी जरा वर ओढून बांधतो, भरती चढतेय." घोंगडी त्याने स्वतःच्या हाताने राघोच्या अंगावर टाकली. नीट, पायांपर्यंत. आणि गेला.

गेला तो आलाच नाही.

राघोचा डोळा लागला होता. जाग आली ती हाकेने. "राघो! दोर धर रे!" अनाजीचा आवाज. राघो उठला, तिवरांतून धडपडत होडीच्या जागी आला. होडी नाही. खुंटाला दोर होता. त्याने ओढला, हलका लागला. टोक हातात आलं. ओलं, आणि सरळ कापलेलं. कोयत्याने कापलेलं! गाठ सोडायलाही तो थांबला नव्हता.

"दादा!" राघो ओरडला. "अनाजीदादा!"

हाक गेली, परत आली नाही.

राघोला वाटलं, होडी वाहत गेली असेल, दादा तिच्या मागे पोहत गेला असेल. बघा! दोर हातात आहे, कापलेला आहे, तरी माणूस सोबत्यासाठी सबब शोधतो. तो परत कातळावर येऊन बसला. आणि त्याला ऐकू आलं, मागे मडकं कुणीतरी खरवडतंय. खर्र. खर्र. वळून पाहिलं. कुणी नाही. मडकं रिकामं, चाटून पुसून साफ. आणि कातळावर ओली पावलं. पाण्यातून वर आलेली. परत गेलेली नाहीत, नुसती आलेली!

कुणी रे ते "आई गं" म्हणालं? यशू? एवढा वल्ही आणणारा तू! बस गप.

मग पाण्यातून हाक आली. "बाबा!" ठकीचा आवाज. "बाबा, मला घ्या ना!" राघो उठला. एक पाय पाण्यात गेलासुद्धा. पण तो थबकला. ठकी घरी निजलीय, दीड कोसावर. आणि ही हाक तर महिन्यापूर्वीची! त्या दिवशी होडी जुव्याजवळून जात असताना ठकी अशीच, ह्याच सुरात म्हणाली होती. तेव्हा हाक कड्याला लागून परत आली नव्हती, आणि त्यावरून तिने केवढं भोकाड पसरलं होतं. आता कळलं का हाका कुठे जातात? तिथे कुणीतरी त्या ठेवून घेतो. एकेक. जपून.

त्याला गिऱ्हा म्हणतात. बुडताना ज्याने हाका मारल्या आणि कुणी ओ दिली नाही, तो होतो गिऱ्हा. तो पण असाच कुठल्या तरी वाडीचा, कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ.

"कोण आहे?" राघोने विचारलं.

पाण्यातून राघोचाच आवाज आला. "कोण आहे?"

"दादा कुठाय?"

आणि मग काय झालं ऐका. अंधारातून अनाजीचा आवाज बोलू लागला. पुटपुट नाही, स्वच्छ. मघाचं गाऱ्हाणं, शब्दाला शब्द.

"जुव्याच्या धन्या म्हाराजा, गेल्या साली तू मला सोडलंस, मी तुला एक माणूस कबूल केला."

त्यावर राघोचा स्वतःचा आवाज म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"तो माणूस आज आणलाय."

"व्हय म्हाराजा."

"तो आपल्या पायांनी आलाय, राजीखुशीनं आलाय, त्याला गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"आणि आता माझी वाट मोकळी कर."

"व्हय म्हाराजा."

चार वेळा. मोजून चार. सौदा अनाजीने केला होता, पण त्यावर होकार कुणाचा? राघोचा. स्वतःच्या तोंडाने.

राघो परत कातळावर येऊन बसला. रडला नाही, ओरडला नाही. त्याला भुताची भीतीसुद्धा वाटेना, एवढं आत काहीतरी तुटलं. त्याला एकच आठवत होतं. ती घोंगडी. नीट, पायांपर्यंत. निघताना दादाने ती अंगावर का घातली? दया आली म्हणून, की जाग येऊ नये म्हणून?

आणि पाणी चढायला लागलं. कातळ कधी बुडत नाही म्हणतात ना? त्या रात्री बुडला. विस्तव चुर्रर्र करून विझला. पाणी घोट्याला. गुडघ्याला. कमरेला. पोहून जावं तर चहूकडे काळोख, उधाणाची ओढ, तीर कुठल्या बाजूला तेच कळेना. पाणी छातीला आलं. आणि मग राघोच्या हनुवटीखाली एक हात आला.

थंड. बुळबुळीत. हनुवटीखाली, अगदी तस्सा.

"मार पाय," अनाजीचा आवाज कानाशी म्हणाला. "मी धरलंय."

राघोचे डोळे मिटले. मग तो आवाज म्हणाला, "तुलाही सोडीन. तुझ्या दादाला सोडलं तसंच. एक माणूस कबूल कर. पुढल्या साली ह्याच अमावस्येला आण. लगेच घरी जाशील."

पोरांनो, खोटं कशाला सांगू? राघोने विचार केला. गळ्याशी पाणी असलेला माणूस विचार करतो. कुणाला आणू? एखादा परका. पण परका माणूस रात्री, अमावस्येला, ह्या जुव्यावर कशाला येईल? नुसतं "चल" म्हटल्यावर कोण येईल? तुळसा येईल. धाकटा भाऊ येईल. ठकी तर नाचत येईल. विश्वास ठेवणारा असतो तोच आपल्या होडीत बसतो. दुसरं कुणी बसतच नाही! आणि तेव्हा राघोला कळलं, वर्षभर अनाजीने वाडीतला एकेक माणूस डोळ्यांखालून घातला असेल, आणि सगळ्यांत जास्त विश्वास कुणाचा ते बघून त्याच्या अंगणात आला असेल.

"नाही," राघो म्हणाला. "कुणी आणणार नाही मी."

हात घट्ट झाला. पाणी ओठांना लागलं. आता काय उरलं? माणूस मरताना काय करतो? देवाला हाक मारतो. राघोने मान वर केली आणि जसं जमेल तसं गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा... तुझं लेकरू एकटं पडलंय..."

आणि मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

राघो दचकला. हा आवाज अनाजीचा नव्हता. ठकीचा नव्हता, त्याचा स्वतःचाही नव्हता. म्हातारा, घोगरा, पाण्याने भरलेला. उपाशी माणसाला वाढल्यावर तो जसा घास उचलतो, तसा त्या आवाजाने तो शब्द उचलला होता.

सवय! गिऱ्हा झाला तरी तो ह्याच खाडीचा. तोही आईच्या मांडीवर हेच शिकलेला. किती वर्षांत त्याच्यासमोर कुणी मोठ्याने गाऱ्हाणं घातलं नव्हतं. गाऱ्हाणं घालणारा थांबला की त्याच्या तोंडून ते निघणारच. आणि जो व्हय म्हणाला तो बांधला गेला. राघो नव्हता का बांधला गेला?

आता राघोने एकेक शब्द तोलला.

"ज्या होडीनं मला आणलं, ती होडी आत्ता इथं येऊ दे."

"व्हय म्हाराजा."

"ह्या पाण्याला आल्या वाटेनं परत जाऊ दे."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या बदल्यात कुणी मागू नको. माझ्या घरचा नाही, वाडीचा नाही."

जड आवाजात, "व्हय म्हाराजा."

"आणि ज्यानं मला दिलं..."

इथे राघो थांबला. सगळी खाडी थांबली. बोलला असता तर झालं असतं. "त्याला घे," दोन शब्द. हक्क होता त्याचा. तुम्ही काय म्हणाला असतात? नको, मला सांगू नका. मनातच ठेवा.

राघो म्हणाला, "त्याचा आवाज तुझ्यापाशी आहेच, तो ठेव. माणूस सोड."

हळूच, जवळजवळ रडल्यासारखं, "व्हय म्हाराजा."

हनुवटीखालचा हात निघाला.

पाणी उतरू लागलं. आणि काळोखातून होडी आली, आपोआप, पाठमोरी. अनाजी आत होता. वल्हं मारत होता, वेड्यासारखा, तळव्यांची सालं निघालेली. रात्रभर वल्हवत होता आणि जुवं मागे पडतच नव्हतं. राघोला पाहिलं आणि त्याच्या हातातलं वल्हं गळालं. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. खूप हलले. पण आवाज नाही! गळ्यावर हात ठेवतोय, पुन्हा तोंड उघडतोय, डोळ्यांतून धारा. पण एक अक्षर नाही.

राघो होडीत चढला, वल्हं उचललं आणि वाडीकडे निघाला. सबंध वाटेत अनाजीचे ओठ हलत होते. तो माफी मागत होता की सबब सांगत होता, ते राघोला कळलं नाही. शेवटपर्यंत कळलं नाही. पहाटे काठाला लागले. राघोने आपला कोयता घेतला. घोंगडी त्याने जुव्यावरच सोडली होती.

वाडीला त्याने काय सांगितलं? काही नाही. लोक म्हणाले, अनाजीला वारं लागलं, वाचा गेली. शिमग्याला देवळात सगळे "व्हय म्हाराजा" म्हणायचे आणि अनाजी तोंड उघडून नुसता उभा राहायचा. राघो समोर असायचा. बघायचा नाही. पलीकडच्या तीरावर जायचं असलं तर खाडीला वळसा घालून चार कोस चालायचा, पण अनाजीच्या होडीत पुन्हा कधी बसला नाही.

मग हे मला कुणी सांगितलं? राघोनेच. अनाजी गेला त्या दिवशी. तिरडीला पहिला खांदा त्याने दिला, आणि परतताना मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तुझ्या बापाला मी सोडवलं होतं रे. पण माफ नाही करता आलं. तेवढं मला जमलं नाही."

हो. अनाजी माझा बाप. ही होडी, ज्यात तुम्ही आज बसून आलात, ती त्याचीच. तळाच्या फळ्या नव्या घातल्यात, नाळ, म्हणजे पुढचं टोक, तेवढं तेच. काय गं स्वरा, तोंड का उतरलं?

म्हणून सांगतो. दिवसा जा कुठेही, पण कड्याखालून तिवरांच्या आत जी पाण्याची वाट मुक्या जुव्याकडे वळते, त्या वाटेने जाऊ नका. पहाटे कितीही कालवं उघडी पडू देत. कुणीही म्हणू दे, "मी आहे ना." मी म्हटलं तरी जाऊ नका.

आणि आता एक विचारतो. मघाशी भात उतरला, मी पाण्याकाठी घास ठेवला, गाऱ्हाणं घातलं. तुम्ही सगळ्यांनी झकास "व्हय म्हाराजा" ठोकलंत. तोंडात पापड होते, तरी ठोकलंत. मी काय मागितलं होतं?

यशू? नाही. स्वरा? वेदू, तू तर सगळ्यांत मोठ्याने ओरडलास.

कुणीच नाही?

मग उठा. उभे राहा, पाण्याकडे तोंड करा. पुन्हा घालतो. पण ह्या वेळी ऐका. एकेक शब्द ऐका, पटला तरच बोला, आणि पटला नाही तर माझ्या तोंडावर सांगा, तांडेलकाका, हे आम्हाला कबूल नाही.

बा देवा म्हाराजा, खाडीच्या धन्या म्हाराजा. ही सात पोरं अनाजीच्या होडीतून, अनाजीच्या पोराबरोबर तुझ्या काठावर रात्रीला आलीत. ती माझ्यावर भरवसा ठेवून आलीत. त्यांना सकाळी मोजून सात परत घरी पोचू दे. आणि एखादं कमी पडायची वेळ आली, तर त्याच्या जागी मला घे.

ऐकलंत? सगळं?

मग आता म्हणा.